पळीकाकूंचे ऐंशी फॉर्म

त्यांना पळीकाकू हे नाव पडलं ते पिशवीमुळे. हृदयाच्या आजारांच्या पाहणीचं काम घेऊन त्या घरोघर जायच्या तेव्हा खांद्याला एक जाड कापडी पिशवी असायची आणि पावलागणिक तिच्यातून भांडी वाजायची. तीन पळ्या, चार वाट्या, लहानमोठे सात चमचे आणि काचेचं एक मापाचं भांडं. पाहणीला फक्त फॉर्म आणि पेन लागतं, असं सगळ्यांनी सांगून झालं होतं. पहिल्याच आठवड्यात आरोग्य केंद्राच्या शिपायानं विचारलं, "काकू, प्रश्न विचारायला निघालात की संसार मांडायला?"

"दोन्ही," काकू म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

सव्वीस वर्षं त्यांनी एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काढली होती. त्यातली शेवटची अकरा मुख्य स्वयंपाकीण म्हणून. कुणाला मीठ वर्ज्य, कुणाला लोणी वर्ज्य, कुणाला सगळंच वर्ज्य. अशी दीडदोनशे ताटं रोज त्यांच्या हाताखालून जायची. कढईत तेल पडताना नुसत्या आवाजावरून त्या सांगायच्या, की अर्धा चमचा जास्त झालं. निवृत्त झाल्यावर तीन महिने घरी बसल्या. त्या तीन महिन्यांत त्यांनी घरातली कपाटं तीनदा आवरली आणि शेवटी नवऱ्याच्या टेबलाकडे मोर्चा वळवला. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्याचं टेबल होतं, त्यावर तिळाएवढे स्क्रू आणि केसासारख्या स्प्रिंगा. काकूंनी ते सगळं आकारानुसार लावून ठेवलं.

"अगं, तू एखादं काम बघ," तो हात जोडून म्हणाला. "नाहीतर मी दुसरं घर बघतो."

तेवढ्यात आरोग्य केंद्राला माणसं हवी आहेत असं कळलं. पार्सलांच्या एका प्रचंड गोदामातल्या एकशे साठ कामगारांची पाहणी होती. त्यांचं रक्त केंद्रात तपासलं जाणारच होतं, पण ते घरी काय खातात, त्यात तेल, लोणी, साय, चरबी किती, हे रक्ताला विचारता येत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं. त्यासाठी अठ्ठावन्न प्रश्नांचा फॉर्म छापला होता. तो भरून घ्यायला दोघी नेमल्या. एक पळीकाकू आणि दुसऱ्या मास्तरीणबाई. मास्तरीणबाई तीस वर्षं शाळेत शिकवून आलेल्या. ताठ मान, धारदार इस्त्री, आणि आवाज असा की बंद खोलीतही शेवटच्या बाकापर्यंत जावा.

पाहणीच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी दोघींना बसवून सांगितलं, "प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. उत्तर सुचवायचं नाही. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही." मग सरावासाठी दोघींना स्वतःचाही एकेक फॉर्म भरायला लावला. काकूंनी तो वीस मिनिटांत भरून दिला. स्वतःच्या खाण्याबद्दल त्यांना विचार करावा लागला नाही.

एकशे साठ नावांच्या चिठ्ठ्या टाकून निम्मी घरं एकीला, निम्मी दुसरीला, अशी वाटणी झाली आणि काम सुरू झालं.

काकूंच्या वाट्याला पहिल्याच आठवड्यात एक क्रेनचालक आला. दाराच्या चौकटीत मावणार नाही असा धिप्पाड माणूस, पण घरात पाय न वाजवता चालणारा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत ओळीनं वाळत घातलेले गोदामाचे निळे शर्ट. तो टेबलापाशी हात बांधून बसला. बायको आत कांदा चिरत होती.

"प्रश्न एकविसावा," काकूंनी वाचलं. "गेल्या महिन्यात आपण स्निग्ध पदार्थांचे सेवन किती वेळा केले?"

"स्निग्ध?" क्रेनचालक गोंधळला. "ती नजर असते ना, स्निग्ध?"

"नजर वेगळी. हे म्हणजे तेल, लोणी, साय, चरबी. हाताला लागल्यावर साबणाशिवाय जात नाही ते."

"असं होय. मग नाहीच म्हणा. आमच्याकडे तेल अगदी नावापुरतं."

"दिवसाला अंदाजे किती चमचे?"

"दोन," तो छातीठोकपणे म्हणाला.

काकूंनी पेन उचललं नाही. "बरं. तो चमचा जरा बघू."

"कुठला?"

"तेल घालायचा."

त्यानं आत मान वळवली. "अगं, आपण तेल कुठल्या चमच्यानं घालतो?"

आतून उत्तर आलं, "बाटलीनं."

काकूंनी पिशवीतून मापाचं भांडं काढलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. बायकोला म्हणाल्या, "रोज ओततेस तसंच ओत. या रिकाम्या बाटलीत पाणी भर, आणि कढई समोर आहे असं समज. माझ्याकडे बघू नकोस." बायकोनं मनगट वळवलं, क्षणभर थांबली आणि सवयीनं आणखी एक धार सोडली. पाणी भांड्यात मोजलं. एका वेळचे साडेसहा चमचे भरले.

क्रेनचालक भांड्याकडे बघतच राहिला. "मला तर दोनच वाटत होते."

"तुम्हाला कसं कळणार?" बायको म्हणाली. "ताट वाढलं की येता तुम्ही."

"हे बघा," काकू म्हणाल्या, "मी तुमचं तेल कमी करायला आलेले नाही. मला खरं किती तेवढं हवंय. वीस चमचे असले तर वीस लिहीन, आणि चहा पिऊन जाईन."

मग दोघं मोकळी झाली. गोदामातल्या खानावळीतले तळलेले बटाटे निघाले, दर शनिवारचा केक निघाला, पावाला लावायचं लोणी 'पातळसं' म्हणजे सुरीनं की बोटानं तेही निघालं. तास लागला. मास्तरीणबाई तेवढ्या वेळात तीन घरं करायच्या.

पाच महिन्यांनी, सगळे फॉर्म भरून झाल्यावर, काकूंना बोलावणं आलं.

केंद्राच्या वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीला पडदे नव्हते. ऊन येऊ नये म्हणून कुणीतरी खिडकीच्या काचेवर माणसाच्या हृदयाचा जुना तक्ता चिकटवला होता आणि त्यातून खोलीत तांबूस उजेड पडायचा. डॉक्टरबाई टेबलामागे होत्या. शेजारी आकडेमोड सांभाळणारा तरुण बसला होता. कुठलाही वाद निघाला की 'आपण सरासरी काढू' म्हणायची त्याला खोड होती, म्हणून सगळे त्याला सरासरीच म्हणायचे. मास्तरीणबाई भिंतीलगतच्या खुर्चीत, मांडीवर पर्स धरून.

"काकू," सरासरी घसा साफ करत म्हणाला, "तुमच्या ऐंशी फॉर्मांत माणशी रोजचे ब्याण्णव ग्रॅम स्निग्धांश येतात. मास्तरीणबाईंच्या ऐंशीत अठ्ठावन्न. गोदाम एकच, घरं चिठ्ठ्या टाकून वाटलेली. इतका फरक पडायला नको."

"मग?"

"मग एकीचं चुकतंय."

ती एक कोण, हे त्यानं सांगितलं नाही, पण तिघांचेही डोळे काकूंच्या पिशवीवर गेले.

"तुम्ही लोकांना बाटल्या काढायला लावता, पाणी ओतायला लावता, असं कळलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता, दमलेला होता. "हेतू चांगला असेल. पण तेलाचा इतका गाजावाजा केला की माणसाला वाटतं, जास्त सांगितलेलं बरं. मी दोघींना एकच नियम दिला होता, काकू. ते ऐंशी फॉर्म मला बाजूला ठेवावे लागतील."

काकूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ऐंशी घरं, ऐंशी तास, किती जिने. पण दूध उतू जायला लागलं की ओरडून उपयोग नसतो, आधी आच कमी करायची, हे हातात मुरलेलं होतं. त्यांनी पिशवी पायाशी ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

"टाकायचे तर टाका," त्या म्हणाल्या. "पण आधी तोला."

"काय तोलायचं?"

"ताटं. आमच्या दवाखान्यात एकदा वरच्या साहेबांना शंका आली, की स्वयंपाकघर पथ्य पाळत नाही. आम्ही भांडत बसलो नाही. आठवडाभर प्रत्येक ताटाचं जुळं वाढलं. एक रोग्याला, एक प्रयोगशाळेला. साहेबांची शंका फिटली, आणि आमच्याही दोन चुका सापडल्या."

सरासरी एकदम सरळ बसला. "हे करता येईल, मॅडम. जेवढं माणूस खाईल तेवढंच डब्यात. प्रयोगशाळा डब्यातली चरबी मोजेल. मग फॉर्म खरा की डबा ते दिसेल. पण एकशे साठ घरं नाही झेपायची."

"वीस करा. दहा माझ्या यादीतली, दहा यांच्या. चिठ्ठ्या तुम्ही काढा. माझ्या घरांचे डबे मास्तरीणबाई आणतील, यांच्या घरांचे मी. म्हणजे कुणी कुणाचं झाकायला नको." काकूंनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. "आणि आम्हा दोघींचेही डबे घ्या. फॉर्म आम्हीसुद्धा भरलाय."

मास्तरीणबाईंची मान आणखी ताठ झाली. "माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "मी जे लिहिलंय तेच खाते."

डॉक्टरबाईंनी कॅलेंडरची पानं उलटून पाहिली. शेवटी म्हणाल्या, "एक आठवडा. त्यापुढे नाही."

नियम असा ठरला, की खाणाऱ्यानं स्वतःचा डबा भरायचा नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी भरायचा. तोंडात जे जाईल त्याच्या बरोबरीचं डब्यात. काकूंच्या घरी ते काम अर्थातच घड्याळवाल्या नवऱ्याकडे आलं. त्यानं सूचनांचा कागद भिंग लावून दोनदा वाचला आणि डबा आपल्या टेबलावर ठेवला.

काकू दुसऱ्यांच्या डब्यांमागे होत्या. मास्तरीणबाईंच्या यादीत गोदामात खोकी बांधणारी एक बाई होती. नाव कुणाला ठाऊक नसलं तरी हसणं सगळ्या मजल्याला ठाऊक. बहिणीबरोबर राहायची. पहिल्या दिवशी तिचा डबा उघडला तर आत उकडलेली गाजरं आणि कोरडा पाव. दुसऱ्या दिवशी गाजरं आणि पाव. तिसऱ्या दिवशी नुसतं सूप. काकूंना वाटलं, झालं, मास्तरीणबाईंचंच खरं निघणार. चौथ्या दिवशी डबा हातात घेतला आणि वजनानंच कळलं. आत तळलेली दोन अंडी, बटाट्याचे सोनेरी काप, वर वितळलेलं चीज आणि कडेला केकचा तुकडा.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

बाई खळखळून हसली. "कंटाळा आला हो! मला वाटलं, दोनतीन दिवसांत तुम्ही यायच्या बंद व्हाल. गाजरं खाऊन खाऊन माझी बहीण माझ्याशी बोलायची थांबली."

"मग फॉर्म भरताना का नाही सांगितलंस हे?"

"त्या बाईंना?" तिनं आवाज खाली आणला. "अहो, त्या समोर बसल्या आणि मी आपोआप हातांची घडी घातली. चुकीचं उत्तर दिलं तर बाकावर उभं करतील, असं वाटत होतं. पटापट बरोबर उत्तरं देऊन मोकळी झाले."

काकू तिथून थेट केंद्रात गेल्या. "पहिल्या तीन दिवसांचे डबे नकली आहेत," त्यांनी सरासरीला सांगितलं. "पाहुणे आल्यासारखं खातायत सगळे. चौथ्यापासून धरा."

"असं आपल्या मनानं आकडे गाळता येत नाहीत, काकू."

"मी गाळा म्हणत नाही. काय ते आत्ताच ठरवा. प्रयोगशाळेनं अजून डबे उघडलेले नाहीत."

सरासरी डोकं खाजवत राहिला. मग त्यानं कागद घेतला, दोन्ही रीतींनी हिशेब मांडायचा, सात दिवसांचाही आणि शेवटच्या चारांचाही, असं लिहिलं, तारीख घातली आणि खाली सही केली. "आता ठीक," तो म्हणाला. त्या दिवसापासून तो काकूंना पाहून खुर्चीतून उठायला लागला.

घरी मात्र काकूंना नवऱ्याचा वैताग आला होता. त्या ओट्याशी वळल्या की तो चमचा घेऊन डब्याकडे. त्या कढई उतरवतायत तर हा पुन्हा डब्याकडे.

"अहो, किती फेऱ्या घालताय त्या डब्याशी?"

"माझं काम मी करतोय," तो भिंग वर न करता म्हणाला. "तू तुझं कर."

निकाल यायला दोन आठवडे लागले. तीच खोली, तोच तांबूस उजेड. या वेळी सरासरी उभा राहून बोलला. मास्तरीणबाईंच्या दहा घरांचे फॉर्म सांगत होते सत्तावन्न ग्रॅम, आणि शेवटच्या चार दिवसांचे डबे शहाऐंशी. काकूंच्या दहा घरांचे फॉर्म ब्याण्णव, डबे एकोणनव्वद. सातही दिवस धरले तर दोन्हीकडचे डबे थोडे खाली येत होते, पण चित्र तेच.

"काकू," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचे ऐंशी फॉर्म राहतील. मी चुकले होते. आता समजतंय, रक्ताचे आकडे आणि फॉर्म एकमेकांशी का बोलत नव्हते."

काकूंनी मान हलवली. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. क्रेनचालकाच्या बायकोला जाऊन सांगावं, की तुझं मनगट जिंकलं.

"अजून एक आहे," सरासरी म्हणाला, आणि हातातला कागद पालथा घातला.

"काय?"

त्यानं डॉक्टरबाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनीच सांगितलं. "तुम्हा दोघींचे स्वतःचे डबे. मास्तरीणबाईंनी लिहिलं होतं एक्कावन्न, डबा सांगतो त्रेपन्न. जवळजवळ तंतोतंत. काकू, तुम्ही लिहिलं होतं एकोणपन्नास. डबा सांगतो चौऱ्याऐंशी. सगळ्या बावीस जणांत सगळ्यात मोठी चूक तुमची आहे."

काकूंनी तो पालथा कागद उचलून सुलटा केला.

"डबे बदलले असतील," काकू म्हणाल्या.

"तपासलं," सरासरी हळूच म्हणाला. "दोनदा."

काकू त्या दिवशी घरी कशा पोचल्या, त्यांचं त्यांना कळलं नाही. चप्पल काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तुम्ही डब्यात घातलंत तरी काय काय?"

नवऱ्यानं भिंग काढून ठेवलं. तो जणू या प्रश्नाची वाटच पाहत होता. "सकाळी दूध तापवलंस की बोटानं साय. ती मी घातली. रस्सा उकळला की दोन चमचे, मीठ बघायला. मग मीठ घातल्यावर पुन्हा दोन, बरोबर झालं का बघायला. बटाटे तळताना पहिला काप कच्चा आहे का म्हणून, आणि शेवटचा करपला का म्हणून. मधले तीन कशासाठी ते मला माहीत नाही, पण घातले. चीज कापलं की कडा तुझ्या. पावाचा टोकाचा तुकडा लोणी लावून उभ्या उभ्या. आणि जेवण झाल्यावर कढईत राहिलेलं, टाकवत नाही म्हणून. तू ताटावर बसतेस ना, तेव्हा तुझं निम्मं जेवण झालेलं असतं."

"मी?"

"रोज. लग्न झाल्यापासून."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे. इतकं उघड्यावर चाललंय."

काकू स्टुलावर बसल्या. अठ्ठावन्न प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारून पाहिले. प्रत्येक उत्तर त्यांनी स्वच्छ मनानं दिलं होतं. जेवलात काय, असं विचारल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं होतं ते ताट, आणि ताटात खरोखरच थोडं असायचं. ते तसं थोडं का असायचं, हे कधी मनातच आलं नव्हतं. पाच महिने त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या, की माणसं खोटं बोलत नाहीत, त्यांना दिसत नाही. पण न दिसणं आतून कसं असतं, ते आज कळलं. ते अगदी खऱ्यासारखं असतं. तसूभरही शंका येत नाही.

आणि मग त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. ओट्याला धरून त्या इतक्या हसल्या की नवरा घाबरून पाणी घेऊन आला.

"लोणी असतं तर आणलं असतंत का?" त्यांनी विचारलं आणि पुन्हा हसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, केंद्राचं दार उघडायच्या वेळेला, त्या डॉक्टरबाईंसमोर उभ्या होत्या. "एकोणसाठावा प्रश्न घाला," त्या म्हणाल्या. "'घरात स्वयंपाक तुम्ही करता का? करत असाल तर ताटावर बसण्याआधी तोंडात काय काय जातं?' असाच, सोप्या भाषेत. आणि 'स्निग्ध' काढा तिथून. लोकांना नजर आठवते."

डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या. "बाटलीचं मोजमापही घालू. दोघींनीही तेच करायचं. म्हणजे नियम एकच राहील."

"आणि माझा आकडा अहवालात घाला. एकोणपन्नास आणि चौऱ्याऐंशी."

"नाव न देता घालू," सरासरी घाईघाईनं म्हणाला.

"खुशाल नाव घाला. सव्वीस वर्षं स्वयंपाक करणारी बाई चुकली, हे कळलं तर बाकीच्यांना लाज वाटणार नाही."

मास्तरीणबाई शेजारच्या खोलीत होत्या. आपले ऐंशी फॉर्म त्यांनी दोरीनं बांधून ठेवले होते आणि राजीनाम्याचा कागद सुवाच्य अक्षरात लिहून तयार होता. काकू आत आल्या तेव्हा त्या पेनाला टोपण लावत होत्या.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात.

"कसलं? सगळ्यात मोठी चूक माझी. तुमचा डबा बघा, दोन ग्रॅमांचा फरक. तुमच्यासारखं स्वतःकडे बघायला मला शिकवा."

मास्तरीणबाईंनी फॉर्मांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "तीस वर्षं मी प्रश्न विचारले आणि समोरच्यांनी मला हवी ती उत्तरं दिली. मला वाटायचं, मुलं शिकली." त्यांचा तो खणखणीत आवाज अगदी लहान झाला होता. "त्या खोकी बांधणाऱ्या बाईनं माझ्यासमोर हातांची घडी घातली होती. मला बरं वाटलं होतं तेव्हा. शहाणी बाई आहे, म्हटलं."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या ऐंशी घरांत स्वतः रांधणारी निदान तीस माणसं असतील. त्यांना मी चाखण्याचं विचारलंच नाही. म्हणजे माझेही फॉर्म कच्चे आहेत. तुमची ऐंशी आणि माझी तीस. एकटीनं कशी करू?"

"मला तुमच्यासारखं लोकांशी बोलता येत नाही."

"बोलायचं नाहीच फार. एवढंच करा, समोर बसू नका. टेबलाच्या त्यांच्याच बाजूला बसा. दोघांचं तोंड फॉर्मकडे. मग परीक्षा त्यांची राहत नाही, फॉर्मची होते."

मास्तरीणबाईंनी थोडा विचार केला. मग राजीनाम्याचा कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर, तितक्याच सुवाच्य अक्षरात, घरांची यादी लिहायला घेतली. रस्त्यांप्रमाणे लावून. त्यात काकूंची दोन दिवसांची पायपीट वाचली.

पहिलं घर त्यांनी खोकी बांधणाऱ्या बाईचंच घेतलं. दारात मास्तरीणबाईंना पाहून तिचं हसू ओठांवरच थांबलं. ती टेबलापाशी ताठ बसली. मास्तरीणबाई वळसा घालून तिच्या शेजारी येऊन बसल्या, इतक्या जवळ की खुर्च्यांचे पाय एकमेकांना लागले. फॉर्म मध्ये ठेवला. काकू मागे ओट्याशी पिशवी उघडत होत्या.

"मागच्या वेळी मी घाई केली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "या वेळी आपण दोघी मिळून बघू. या फॉर्ममध्ये काय काय सुटलंय ते तुम्ही मला सांगायचं."

बाईनं एकवार काकूंकडे पाहिलं, एकवार फॉर्मकडे. "सगळंच सुटलंय," ती म्हणाली. "खरं सांगू?"

"सांगा."

"मी नाश्ता दोनदा करते. एक घरी, एक गोदामात. घरचा बहिणीला दिसतो."

"मी एकदाच करते," मास्तरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "पण 'आणखी एकदा करणार का?' असं मला कुणी विचारलेलंच नाही." बाई जोरात हसली, आणि बहीण आतून बघायला आली, की कोण आलंय म्हणून.

त्या घरात सव्वा तास गेला. एकशे दहा घरं पुन्हा व्हायला अकरा आठवडे लागले. शेवटी दोघींच्या यादीतला फरक तीन ग्रॅमांवर आला आणि सरासरीनं तो आकडा फळ्यावर लिहून त्याभोवती चौकट काढली. गोदामाच्या खानावळीत तळणीऐवजी बटाटे भाजायची भट्टी आली ती या अहवालामुळे. दुसऱ्या दोन केंद्रांनी तो फॉर्म जसाच्या तसा मागवून घेतला, आणि शिकवायला कोण येईल असं विचारलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी दोन नावं कळवली. जायच्या दिवशी मास्तरीणबाई वेळेआधी अर्धा तास हजर होत्या. त्यांच्याही खांद्याला एक नवी कापडी पिशवी होती, आणि आतले चमचे त्यांनी आकारानुसार रुमालात गुंडाळून बांधले होते, म्हणून ते वाजत नव्हते.

"हे काही खरं नाही," काकू म्हणाल्या. "लोकांना आधी कळायला हवं, आपण येतोय ते." त्यांनी रुमालाची गाठ सोडली, आणि दोघी जिना उतरायला लागल्या.